बर्फ कोणाच्या हिशेबात?

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून लोकाइच्या कारखान्यातले दिवे बंद करून येते." ऐकणारी बाई माझ्याकडे जरा कीव करून पाही. एवढं इंजिनियरिंग शिकून हे काम?

मी ऊर्जा लेखापरीक्षक होते. म्हणजे एखाद्या कारखान्यात, दवाखान्यात, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जायचं, वीज किंवा कोळसा किंवा डिझेल कुठे वाया जातंय ते शोधायचं, आणि मालकाला ते पटवून द्यायचं. शोधायच्या कामाला उपकरणं असतात. पटवायच्या कामाला नसतात. चिखलीजवळच्या अमडापूरसारख्या गावातून शिकून बाहेर पडलेली, वऱ्हाडी बोलणारी एक बाई कापसाच्या जिनिंगच्या मालकाला सांगते की तुमची मोटर कामापेक्षा मोठी आहे, तो मान डोलावतो आणि मग माझ्या मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारतो, "काय म्हन्ते मॅडम, खरं हाय का?" अशी सुरुवातीची कितीतरी वर्षं गेली.

नांदुऱ्याजवळच्या एका डाळमिलवाल्याची गोष्ट अजून आठवते. मी तपासणीला येणार हे त्याला आठवडाभर आधी कळवलं होतं. गेले तर गिरणी बंद. पट्टे थांबलेले, माणसं सावलीला बसलेली. शेठ हात जोडून पुढे आले. "मॅडम, तुमी येऊन राह्यल्या म्हनून सकायपासून एक युनिट जळू देलं नाही!" मी म्हटलं, "शेठजी, चालू गिरणीच पाहायची आहे मला." ते गोंधळले. वीज वाचवणारी बाई येते आणि गिरणी चालू करा म्हणते, हे त्यांना काही पटेना. शेवटी गिरणी चालू झाली, मी माझं काम केलं, आणि निघताना ते म्हणाले, "म्हनजे बंद करनं म्हनजे वाचवनं नाही?" मी म्हटलं, "नाही." तेव्हा हे इतकं सोपं वाटलं होतं, की पुढे एका आख्ख्या नगरपालिकेला हेच समजावताना घाम फुटेल असं वाटलं नव्हतं.

ती नगरपालिका भेटली निवृत्तीनंतर. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर उन्हाळा सोसता येतो. घाटाखाली, पूर्णा नदीच्या बाजूला, तो अंगावर येतो. त्या बाजूच्या एका गावच्या नगरपालिकेनं मला सल्लागार म्हणून बोलावलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक ओळखतीलच.

तिथे करंदीकर नावाचे मुख्याधिकारी होते. पुण्याचे, तिशीतले, पहिलीच मोठी नेमणूक. गावाचा एकूण ऊर्जावापर कमी करून दाखवायचा असा त्यांनी पण केला होता, आणि काम खरोखर मन लावून केलं होतं. रस्त्यावरचे जुने दिवे बदलले. पाण्याचे पंप बदलले. फुटक्या पाइपलाइनी दुरुस्त केल्या, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसणं थांबलं. वर्षभरात गावाच्या विजेचा आकडा चांगलाच उतरला. त्याबद्दल मुंबईत सत्कार ठरला होता. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर नगराध्यक्ष मोठे होते आणि करंदीकर कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे.

मला बोलावलं होतं ते आकडे तपासून सही करायला.

आकडे खरे होते. पण मी आयुष्यभर हेच केलं आहे. दिवे बदलून किती वाचतं आणि पंप बदलून किती, याचा मला अंदाज असतो. इथे त्याहून बरंच जास्त वाचलं होतं. मी करंदीकरांना विचारलं, "साहेब, हे बाकीचं कुठून आलं?"

"बर्फाचा कारखाना बंद झाला ना, मॅडम," ते म्हणाले. "गावातला सगळ्यात मोठा ग्राहक होता तो."

"तुम्ही बंद केला?"

"नाही नाही. आम्ही सगळ्या मोठ्या ग्राहकांना पत्र पाठवलं होतं, वापर कमी करा म्हणून. त्यांनी आपणहूनच बंद केला."

एप्रिल संपत आला होता. पंखा गरम हवाच फिरवत होता. शिपाई लिंबाचं सरबत घेऊन आला. "जयभीम, मॅडम," म्हणून त्यानं ग्लास माझ्यापुढे ठेवला. ग्लासात बर्फाचा हा एवढा खडा तरंगत होता. मी त्याला विचारलं, "हा बर्फ कुठला रे?"

"टेम्पोनं येते मॅडम. शहरातून."

करंदीकरांनी आपला ग्लास उचलला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मच्छी बाजारात गेले. टेम्पो आधी तिथे यायचा. धरणातली मासोळी विकणाऱ्या कमलाबाई सगळ्यात पुढे उभ्या होत्या, घमेलं घेऊन. टेम्पो आला तो पाणी गाळतच. मागच्या फळीतून धार लागलेली, आणि त्याच्या वाटेवर डांबरावर ओली रेघ. वरची ताडपत्री काढली, खालची पोती काढली, लाकडाचा भुसा बाजूला केला, तेव्हा बर्फाच्या लाद्या दिसल्या. लाद्या म्हणायच्या एवढंच. कडा गोल झालेल्या, मधेच बारीक पडलेल्या.

"पहिले आमचे रशीदभाई द्यायचे," कमलाबाई मला म्हणाल्या. "सायकलीवर लादी यायची, कशी, चौकोनी ठोकया. आता हे पाहा. अर्धा बर्फ सडकच खाऊन राह्यली. दुपारपर्यंत माल टिकत नाही, मॅडम. मांगल्या आठवड्यात टोपलंभर मासोळी गाडून टाकली म्या."

मी टेम्पोवाल्याला विचारलं, शहरात भरतो तेव्हा किती असतो, इथे उतरतो तेव्हा किती. तो हसला. "भरतानीच जास्त भरतो ना. वितळनार हे मालूम हाय."

म्हणजे असं झालं होतं. गावाला बर्फ लागतो तेवढा लागतच होता. तो आता दुसऱ्या शहरात, तिथल्या विजेवर तयार होत होता. वाटेत वितळणार म्हणून जास्तीचा तयार होत होता. वर टेम्पोचं डिझेल. आपल्या गावचा मीटर उतरला होता, कारण तो मीटर दुसऱ्या गावात जाऊन फिरत होता, आणि इथल्यापेक्षा जोरात.

तिथून मी रशीदभाईंकडे गेले.

कारखाना गावाच्या कडेला, रेल्वे रुळांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फाटकाला कुलूप. बाहेरच्या ओट्यावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ पांढरी टोपी घालून बसले होते. काही करत नव्हते. नुसते बसले होते. मी ओळख सांगितली. त्यांनी आतून खुर्ची आणली, माझ्यासाठी पुसली आणि स्वतः ओट्यावरच बसले.

"कारखाना काऊन बंद केला, रशीदभाई?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "सायबाचं पत्र आलं व्हतं. म्या एका पोराकडून वाचून घेतलं. गावात सगळ्यात जास्त लाइट आपन जाळतो, असं त्यात लिवलं व्हतं. गावाचं नाव होऊन राह्यलं, मुंबईत सत्कार व्हनार, असं लोक म्हनत व्हते. मंग म्या म्हन्लं, आपल्या एकट्यामुळं गावाचं नाव काऊन खराब व्हावं?"

"कोणी तुम्हाला बंद करा म्हटलं?"

"कोनीच नाही. म्हनाची गरज काय हाय? समजते ना मानसाले."

त्यांच्या वडिलांनी कारखाना उभारला होता. घाटाखालच्या उन्हाळ्यात कोणाच्या घरी माणूस गेलं आणि मुलगी-जावई दूरवरून यायचे असले, की प्रेतासाठी बर्फ इथूनच जायचा. जात-धर्म कोणी विचारला नाही. "त्या बर्फाचा पैसा अब्बानं कधी घेतला नाही, म्याही नाही," ते म्हणाले. "आता टेम्पोवाला घेते म्हन्तेत."

त्यांच्याकडे काम करणारा देविदास नावाचा कारागीर वीटभट्टीवर गेला होता. बाकीचे दोघे पुण्याकडे. रशीदभाई मात्र रोज सकाळी येऊन ओट्यावर बसत. घरी बसून काय करणार, असं म्हणाले.

मी परत नगरपालिकेत आले आणि करंदीकरांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण ते लगेच मानले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

"मॅडम, नियमाप्रमाणे आपण गावात वापरलेली वीज मोजतो. बाहेर कोणी काय वापरलं ते आपल्या हिशेबात येत नाही."

"नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी सही करते. फक्त सहीच्या वर एक ओळ लिहीन, 'बर्फ वगळून'."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. चौकातला फ्लेक्स तिथून दिसत होता. नंतर त्यांनी जे विचारलं त्यामुळे हा मुलगा मला आवडला. ते म्हणाले, "आपण आणखी काय काय वगळलंय?"

गावच्या दोन टोकांना पूर्वी जकात नाके होते. गावात येणारी प्रत्येक गोष्ट तिथे थांबायची. जकात गेली, नाक्यांच्या खोल्या उरल्या. आम्ही नगरपालिकेची माणसं त्या खोल्यांत बसवली. गाड्या थांबवून विचारायचं, माल काय, किती, कुठून आला. आणि गावाबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही तेच.

तिसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांचा घोळका नगरपालिकेत येऊन धडकला. त्यांचा पुढारी किराण्याचा ठोक व्यापारी होता, आवाज खणखणीत. "जकात वापस आनून राह्यले का? सरळ सांगा!"

करंदीकरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आवारात बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. मी त्यातली एक उचलून आणली आणि टेबलावर ठेवली.

"शेठजी, ही वीट भाजायला भट्टीत कोळसा लागला ना?"

"लागला."

"इथवर आणायला डिझेल?"

"लागलं ना."

"तो कोळसा, ते डिझेल आपल्या गावात जळलं का?"

"नाही. भट्टीवर जळलं, सडकेवर जळलं."

"पण वीट कोणासाठी भाजली? आपल्यासाठी. म्हणजे तो कोळसा आपल्या नावावर पाहिजे. सिमेंट, फरशी, कापड, पाण्याचे जार, सगळं तसंच. आणि तुमच्यातल्या जिनवाल्यांकडून ज्या रुईच्या गाठी बाहेर जातात, त्यांची वीज इथे जळते, पण कापड दुसरं कोणी घालतं. ती आपल्या नावावरून काढून त्यांच्या नावावर टाकायची. एवढाच हिशेब आहे. यात कर नाही."

त्यांनी वीट हातात घेऊन उलटसुलट पाहिली, जणू तिच्यात कोळसा दिसतो का ते बघत होते. मग म्हणाले, "म्हनजे आमच्या गाठीचं वजा व्हनार?"

"होणार."

"मंग करा. बराबर हाय." आणि घोळका निघून गेला. आपल्या खात्यातून काही वजा होतंय म्हटल्यावर व्यापारी भांडत नाही.

नोंदी जमल्या, हिशेब झाला. असे हिशेब काट्यावर तोलल्यासारखे नसतात, अंदाजाचे असतात, हे मी करंदीकरांना आधीच सांगितलं होतं. पण दिशा स्पष्ट होती. विजेचा आकडा उतरला होता. गावाची खरी एकूण ऊर्जा मात्र वाढली होती. बर्फाचा त्यात हात होताच, पण सगळ्यात मोठा वाटा निघाला सिमेंट, लोखंड आणि काचेचा. गावात नवीन व्यापारी संकुल उभं राहत होतं, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी जुनी भाजी मंडई पाडायचा ठराव यायचा होता.

नगराध्यक्षांनी मला घरी चहाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुमी चिखलीकडच्या, म्हनजे आपल्याच जिल्ह्याच्या," ते म्हणाले. "घरच्या मानसावानी वागा. सत्कार होऊन जाऊ द्या. मंग तुमचा हा नवा हिशेब आपन निवांत पाहू."

मी म्हटलं, "भाऊ, सत्कार झाल्यावर हा हिशेब कोणीच पाहणार नाही."

ते हसले. "हे मातर खरं बोलल्या."

सर्वसाधारण सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी माझा अहवाल घेऊन बसले होते. या वयात मला सल्लागारकी जाण्याची फिकीर नव्हती. पण करंदीकरांची सगळी नोकरी पुढे होती, आणि ते काय बोलणार हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ते उभे राहिले. आधी दिवे, पंप, पाइपलाइन यांचं खरं वाचलेलं सांगितलं. मग बर्फाची सगळी हकिगत सांगितली, टेम्पोच्या ओल्या रेघेसकट. कारण मधल्या काळात ते स्वतः मच्छी बाजारात जाऊन आले होते. मग शांतपणे म्हणाले, "म्हणून मी काल वरिष्ठांना कळवलं आहे, की आपला आकडा पूर्ण नाही. तो मागे घेत आहोत."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग सत्काराचं काय?"

"तो आपला नाही," करंदीकर म्हणाले.

सभागृहात जो गलका उठला तो पुष्कळ वेळ बसला नाही. पुण्याच्या माणसाला गावाची अब्रू काय कळणार, इथपर्यंत बोलणी गेली. करंदीकर उभेच होते. शेवटी तो किराणा व्यापारीच, जो नगरसेवकही होता, उठून म्हणाला, "जाऊ द्या ना बे! वितळेल्या बर्फाचा सत्कार घेऊन काय करता?" लोक हसले, आणि राग थोडा ओसरला.

पण भाजी मंडईच्या ठरावावर मी हरले. काळ्या दगडाच्या भिंती, उंच छप्पर, भर उन्हातही आत गारवा. छप्पर गळत होतं, ते बदलून भागलं असतं. मी सांगून पाहिलं की हे दगड एकदा घडवून झालेत, एकदा वाहून आणून झालेत, ती ऊर्जा खर्चून झाली आहे. पाडलं तर ती मातीत जाईल आणि नव्या इमारतीला पुन्हा तेवढीच, नव्हे जास्त लागेल, वर एसी चालवावे लागतील ते वेगळेच. नगराध्यक्ष म्हणाले, "मॅडम, गावाले पुढं जायचं हाय का नाही?" हात वर झाले. ठराव मंजूर. मंडई पाडली त्या दिवशी मी मुद्दाम पाहायला गेले. जेसीबीनं पहिली भिंत ओढली तेव्हा आतून कबुतरं उडाली. ते दगड पुढे एका नाल्याच्या भरावात गेले. आजही त्या रस्त्यानं जाताना मी नव्या संकुलाच्या काचांकडे पाहायचं टाळते. दुपारी त्यांच्या आत विक्रेत्या बाया पदरानं वारा घेत बसलेल्या असतात.

बर्फाचं काम मात्र हातात होतं. करंदीकर म्हणाले, "रशीदभाईंकडे मी स्वतः येतो."

आम्ही गेलो तेव्हा रशीदभाई ओट्यावरच होते. साहेब आलेले पाहून उभे राहिले. करंदीकर त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"पत्र मी पाठवलं होतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे यायला हवं होतं, ते आलो नाही."

"पत्र चांगलंच व्हतं, सायब," रशीदभाई म्हणाले. "लय मेहनतीनं लिवलं व्हतं. पन आमी काय करावं ते त्यात नोतं."

"ते आता या मॅडम सांगतील. तुम्ही कारखाना पुन्हा सुरू कराल का?"

रशीदभाईंनी मान हलवली. "लोक म्हन्तीन, बुड्ढ्यानं गावाचा सत्कार घालवला, आन आता वरून मीटर फिरवून राह्यला."

"सत्कार मी घालवला," करंदीकर म्हणाले. "सगळ्या गावासमोर घालवला. तुमचं नाव कोणी घेणार नाही."

रुळांवरून एक मालगाडी गेली. मग रशीदभाईंनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. म्हणजे ती रोज खिशातच असायची.

बर्फ कसा होतो ते थोडक्यात सांगते. एका मोठ्या टाकीत मिठाचं पाणी असतं. ते सहजी गोठत नाही, म्हणून त्याला बर्फापेक्षाही थंड करता येतं. थंड करतो तो अमोनिया वायू, नळ्यांमधून फिरून. त्या खाऱ्या पाण्यात लोखंडी डबे सोडायचे, डब्यांत गोडं पाणी. ते हळूहळू गोठतं आणि लादी तयार होते. टाकीच्या भोवती जाड आवरण लागतं, नाहीतर बाहेरचा उन्हाळा आत शिरतो आणि यंत्र बर्फाऐवजी गाव थंड करत बसतं.

रशीदभाईंच्या टाकीचं आवरण लाकडाच्या भुशाचं होतं, आणि ते ओलं होऊन चिखल झालं होतं. वर गच्चीवर, जिथे नळ्यांवर पाणी सोडून वायूची उष्णता काढतात, तिथे तर कमाल होती. आमची ही खारपाणपट्टी. पाण्यातल्या क्षारांचा थर नळ्यांवर असा चढला होता की भिंतीला गिलावा करावा. वीज खाणारा राक्षस म्हणून गाव ज्याच्याकडे बघत होतं, त्याला फक्त नीट पांघरूण नव्हतं आणि आंघोळ घातलेली नव्हती.

देविदास वीटभट्टी सोडून परत आला. आवरण बदललं, नळ्या खरवडल्या, टाकीवरची झाकणं नीट बसवली, पाणी मऊ करायची सोय केली. चाचणीच्या दिवशी करंदीकर पाहायला आले. यंत्र सुरू झालं आणि थोड्याच वेळात माझ्या डोळ्यांची आग झाली. अमोनिया. कुठेतरी सांधा गळत होता. मी दाराकडे वळले. करंदीकर मात्र टाकीच्या पलीकडे होते. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि दार कुठे हेच सुचेना. रशीदभाईंनी खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवला, त्यांच्या तोंडावर धरला, मनगट पकडलं आणि बाहेर आणून सोडलं. "बसा खाली. वारा घ्या. डोयाले पानी लावा." मग तोच पंचा पुन्हा ओला करून स्वतःच्या तोंडाला बांधला आणि आत जाऊन झडप बंद केली. बाहेर येईपर्यंत देविदास, करंदीकर आणि मी, आम्ही दाराकडे बघत उभे होतो.

हवा मोकळी झाल्यावर देविदासनं गंधकाची कांडी पेटवली आणि एकेका सांध्यापाशी फिरवली. गळती असेल तिथे तिचा पांढरा धूर होतो. एका जोडापाशी झाला. तो बदलला.

करंदीकरांचे डोळे लाल झाले होते. ते मला म्हणाले, "मॅडम, मी त्यांना पत्रात 'ग्राहक' लिहिलं होतं."

कारखाना सुरू झाला. चौकोनी लाद्या पुन्हा सायकलीवर बाजारात जायला लागल्या. कमलाबाईंनी मला एक मोठा मरळ मासा पानात बांधून दिला. नको म्हटलं तर रागावल्या. टेम्पो आधी एक दिवसाआड यायला लागला, मग बंद झाला.

पुढच्या महिन्याचा हिशेब आला त्या दिवशी मी करंदीकरांच्या खोलीत होते. त्यांनी भिंतीवर फळा लावून घेतला होता. एका बाजूला गावातली वीज, दुसऱ्या बाजूला बर्फापायी इथे-तिथे जळणारं सगळं मिळून. ते खडूनं लिहीत होते तेवढ्यात दारात रशीदभाई उभे. धापा टाकत आले होते, टोपी हातात.

"सायब, गावाचा लाइटचा आकडा वाढला म्हन्ते. बाजारात बोलून राह्यले लोक."

"हो. वाढला."

"माह्यामुळं?"

"तुमच्यामुळेच."

रशीदभाईंचा चेहरा पडला. "मंग बंद करू का?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. त्या क्षणी हो म्हटलं असतं तर त्या माणसानं जाऊन पुन्हा कुलूप लावलं असतं.

करंदीकर त्यांना हाताला धरून फळ्यापाशी घेऊन गेले. "हे बघा. हा गावातल्या विजेचा आकडा. हा वाढला. पण कारखाना पहिल्यापेक्षा कमी वीज खातो, कारण तुमच्या टाकीला आता नीट पांघरूण आहे. आणि हे तिकडच्या शहरातली वीज, टेम्पोचं डिझेल, वाटेत वितळलेला बर्फ. हे सगळं गेलं. दोन्ही मिळून बघितलं तर उतरलंय."

रशीदभाई फळ्याकडे पाहत राहिले. त्यांना लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण दुसऱ्या बाजूचा वरचा, गेल्या महिन्याचा आकडा मोठा आणि खालचा, या महिन्याचा लहान, हे दिसत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"म्हनजे चालू ठेऊ?"

"चालू ठेवा, रशीदभाई."

"मंग म्या निंगतो," ते म्हणाले. "डबे काढाची टाइम झाली. देविदास एकटाच हाय तिकडं."

मी शिपायाला चहा सांगितला होता. तो येईपर्यंत थांबा म्हटलं, पण ते जिन्यावर पोचलेसुद्धा होते. आम्ही खिडकीतून पाहिलं. त्या भर दुपारी, चौक ओलांडून, साठी उलटलेला तो माणूस टोपी सावरत जवळजवळ पळत चालला होता.